नक्षीला उठाव, मालाला उठाव: एक शब्द कुठे कसा वळतो

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच गोष्टीचं उत्तर देत बसणार नाही. कोल्हापुरातल्या एका चांदीच्या दुकानासाठी तुम्ही माहितीपत्रक लिहिताय. ताम्हण, करंडे, अत्तरदाण्या यांच्या वर्णनात तुम्ही लिहिलंत, 'आमच्या नक्षीला विशेष उठाव आहे.' दुकानाचे मालक म्हणाले, यावरून माल चांगला खपतो एवढंच कळतं. त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा म्हणाला, उठाव म्हणजे बंड, हा शब्दच नको. आणि तुमच्या सासूबाई म्हणाल्या, 'उठून दिसते' असं सरळ लिही की. यातलं बरोबर कोण, आणि 'उठाव', 'उठून दिसणे', 'उठावदार', 'ठळक' हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का, हे तुम्हाला हवंय.

तिघंही बरोबर आहेत. अडचण अर्थाची नाहीच. शब्दकोश उघडलात तर हे सगळे अर्थ एकाखाली एक मिळतील, पण तुमचं वाक्य त्यामुळे सुटणार नाही. खरी अडचण अशी की 'उठाव' हा शब्द एकटा काही सांगत नाही. त्याच्या आधी कोणता प्रत्यय लागलाय आणि मागून कोणतं क्रियापद आलंय, यावर त्याचा अर्थ ठरतो. आणि तुमच्या वाक्यात नेमकी अशी जोडी आली आहे, जिचे दोन अर्थ निघतात.

मी कोल्हापुरात तीसहून जास्त वर्षं मुद्रितशोधनाचं काम करतोय. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळात लागलो, आता संगणकावरची पानं वाचतो. बाजारभाव, लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका, दुकानांची पत्रकं, सगळं हाताखालून गेलंय. 'उठाव' या शब्दाशी माझी गाठ जवळजवळ रोज पडते, कारण आमच्या भागात तो फार वापरात आहे. तेव्हा मी जे सांगतोय ते या कामातून आलेलं आहे. व्याकरणाच्या पुस्तकात ते याच क्रमाने मिळेलच असं नाही.

मूळ क्रियापद 'उठणे'. खाली असलेलं, बसलेलं, पडून असलेलं काहीतरी वर येतं, एवढीच त्याची मूळ कल्पना. माणूस झोपेतून उठतो, पंगत उठते, अंगावर वळ उठतो, पित्त उठतं, कागदावर शिक्का उठतो, गावात आवई उठते. प्रत्येक ठिकाणी आधी एक सपाट, शांत पातळी असते आणि तिच्यावर काहीतरी येतं. 'उठाव'चे सगळे अर्थ इथूनच फुटलेत. शिपाई उठतात तो उठाव. माल वखारीतून उठतो तो उठाव. रस्त्यावरचा कचरा उठतो तो उठाव. पत्र्यावरची वेल उठते तोही उठाव. दर वेळी स्वतःला विचारायचं ते इतकंच: उठतंय कोण, आणि कशावरून?

तुमचं काम चांदीच्या नक्षीचं आहे म्हणून त्या अर्थावर जरा जास्त वेळ थांबतो. काही वर्षांपूर्वी मला पारंपरिक दागिन्यांवरच्या एका पुस्तिकेचं काम होतं. कोल्हापुरी साजाची एकवीस पानं, त्यांची नावं, ठुशी, चिंचपेटी असं सगळं. मजकुरात पानोपानी 'उठावाचे काम' असं लिहिलेलं, आणि मला ते नुसतं शुद्धलेखन तपासून पुढे पाठवणं पटेना. म्हणून गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, एका वयस्क कारागिरांकडे एक दुपार जाऊन बसलो.

त्यांच्यापुढे राळेची लादी होती. ती त्यांनी ज्योतीवर मऊ केली, तिच्यावर चांदीचा पत्रा बसवला आणि थंड होऊ दिली. पत्रा आता राळेला घट्ट धरून होता. मग पानाची नुसती बाहेरची रेघ बोथट खिळ्याने टोचत गेले, हातोडीचे ठोके अगदी हलके, एका लयीत. माझी समजूत अशी की आता पत्रा उलटा करून पान मागून वर ढकलणार. तेही त्यांनी केलं, पण थोडंच. बराचसा वेळ गेला तो पत्रा पुन्हा सुलटा करून पानाच्या भोवतीचा भाग खाली बसवण्यात. मी विचारलं तेव्हा मान वर न करता म्हणाले, "पान वर काढायचं न्हाई, जिमीन खाली घालायची." दहा मिनिटांनी पत्रा माझ्या हातात दिला. डोळे मिटून अंगठा फिरवला तरी पानाची कड लागत होती.

'जमीन' हा शब्द लक्षात ठेवा, पत्रकात तुम्हाला उपयोगी पडेल. साडीला जमीन असते तशी नक्षीलाही असते. हिरव्या जमिनीवर बुट्टी उठून दिसते, तसं दाबलेल्या जमिनीवर पान उठून दिसतं. खिद्रापूरला कोपेश्वराच्या मंदिराभोवती फिरलात तर पायाशी हत्तींची रांग लागते. दगडात तर काहीच वर ढकलता येत नाही. शिल्पकाराने हत्तीच्या भोवतीचा दगड काढून टाकलाय, आणि तरी आपण म्हणतो हत्तींना काय उठाव आहे. या कामाला अभ्यासाच्या पुस्तकांत 'उत्थित शिल्प' म्हणतात. शब्द संस्कृत झाला, कल्पना तीच. भूगोलात जमिनीच्या उंचसखलपणाला 'भूउठाव' म्हणतात, तिथेही तीच.

आणखी एक गोष्ट त्या दुपारी कळली. तयार भांड्याच्या खोलगट भागात काळेपणा मुद्दाम राहू देतात आणि वरचा भाग घासून पांढरा करतात. त्यामुळे पत्र्याची उंची तसूभरही वाढत नाही, पण नक्षी एकदम पुढे येते. म्हणजे उठाव दोन तऱ्हांचा: एक बोटाला लागणारा, एक नुसता डोळ्याला दिसणारा. भाषेत या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो, पण क्रियापद मात्र वेगळं घेतो. बोटाला लागणारा असतो: 'या पत्र्यात उठाव आहे', 'उठावाची नक्षी', 'उठावाचं काम'. डोळ्याला दिसणारा येतो किंवा दिला जातो: 'काळ्या जमिनीने नक्षीला उठाव आला', 'किनारीने साडीला उठाव दिला'. चित्रातल्या रंगाला उठाव येतो, नाटकातल्या भूमिकेला येतो, भाषणात एखाद्या मुद्द्याला उठाव दिला जातो. यातलं काहीच हाताला लागत नाही.

आता मालकांचं म्हणणं. ते व्यापारी आहेत, त्यांच्या कानाला 'ला उठाव आहे' एवढं ऐकलं की विक्रीच दिसणार. त्यात त्यांची चूक काही नाही. बाजारात कुठल्याही मालाला 'ला' लावून पुढे 'उठाव आहे' म्हटलं की अर्थ ठरलेला: माल उचलला जातोय.

इथे मी स्वतः एकदा चुकलोय. सुरुवातीच्या काळात एका व्यापारी संस्थेच्या स्मरणिकेचं काम आलं. गुळाच्या बाजारावर लेख होता आणि त्यात जागोजागी 'उठाव'. मला वाटलं, हा बोलीतला शब्द, छापील मजकुरात 'मागणी' बरा. सगळीकडे बदलून टाकला. पुस्तक छापून गेल्यावर लेख लिहिणाऱ्या गूळ व्यापाऱ्यांनी मला शाहूपुरीतल्या आपल्या पेढीवर बोलावून घेतलं. रागावले नाहीत. चहा सांगितला आणि समोरच्या रव्यांच्या, म्हणजे गुळाच्या ढेपांच्या, थप्पीकडे बोट दाखवून म्हणाले, "मागणी काय, फोनवर बी असती. ह्यो रवा हितनं हलून गाडीत चढला म्हंजे उठाव."

तेव्हापासून हा फरक मी कधी विसरलो नाही. मागणी म्हणजे कोणीतरी मागतंय. खप म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात माल संपतोय. उठाव या दोहोंच्या मधला: माल जागेवरून हलतोय. कोल्हापूरच्या गुळाचा मोठा हिस्सा गुजरातकडे जातो. तिकडून विचारणा खूप असेल, पण दर पटत नसेल, तर मागणी आहे आणि उठाव नाही, हे वाक्य अगदी बरोबर आहे. माझ्या बदलामुळे त्या लेखात 'मागणी आहे पण मागणी नाही' असं एक वाक्य तयार झालं होतं, आणि मी ते वाचूनही सोडलं होतं. व्यापाऱ्याचा शब्द हलका समजून बदलण्याआधी त्याच्या पेढीवर जाऊन यावं, हे मी तिथे शिकलो.

कचऱ्याचं थोडक्यात सांगतो. आमच्याकडे पेपरात रोज असतं, 'कोंडाळ्यातील कचऱ्याचा उठाव नाही', 'टिपर बंद असल्याने कचरा उठाव ठप्प'. कोंडाळं म्हणजे कचराकुंडी, टिपर म्हणजे कचरागाडी. बाहेरून आलेल्या माणसाला हे वाचून क्षणभर थांबावं लागतं. इथे प्रत्यय 'चा' आहे आणि क्रियापद 'होणे' किंवा 'करणे'. कचरा आपण होऊन उठत नाही, त्याला कोणीतरी उचलतं. पुरानंतर गाळाचा उठाव होतो तोही असाच. या अर्थाचा तुमच्या पत्रकाशी संबंध नाही, पण तिथे 'नक्षीचा उठाव' असं लिहू नका असं मी का सांगतोय, ते यावरून कळेल. कोल्हापूरकराच्या कानाला त्यातून टिपरच ऐकू येईल.

मुलाचा अर्थ, म्हणजे बंड. त्याच्या मनात अठराशे सत्तावन्न आलं असणार, आणि ते इथल्या मुलाला साजेसंच आहे. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरातल्या सत्ताविसाव्या देशी पायदळ पलटणीच्या शिपायांनी उठाव केला, आणि पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींचे बंधू चिमासाहेब महाराज यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं. त्याच्याही तेरा वर्षं आधी, १८४४ साली, सामानगड आणि भुदरगडावरच्या गडकऱ्यांनी उठाव केला होता. वंशपरंपरेने किल्ले सांभाळणारी ही माणसं. कारभार बदलला, आपल्या हक्कांवर गदा येणार असं दिसलं तेव्हा त्यांनी गडाचे दरवाजे बंद केले. पुढे पन्हाळ्यापर्यंत ते लोण पोचलं. इथल्या इतिहासाच्या लेखनात त्याला 'गडकऱ्यांचा उठाव' म्हणतात.

या अर्थाची खूण म्हणजे 'उठाव करणे', आणि बहुतेक वेळा आधी 'विरुद्ध'. कोणाविरुद्ध हे सांगितल्याशिवाय हा उठाव उभा राहत नाही. 'बंड' आणि 'उठाव' यांतही फरक आहे, आणि तो छापताना फार जपावा लागतो. 'बंड' म्हटलं की सांगणारा बहुधा सत्तेच्या बाजूने बघतोय: ज्याने ऐकायला हवं होतं त्याने ऐकलं नाही. 'उठाव' म्हटलं की तो उठणाऱ्याच्या बाजूने, निदान मधे उभा राहून बघतोय. २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली तेव्हा बाहेर पडलेल्यांनी 'हे बंड नाही, हा उठाव आहे' असं सांगितलं होतं. बातम्यांत बंड हाच शब्द चालू होता, आणि त्यांना तो नको होता. आणखी एक बघा: 'बंड'पासून 'बंडखोर' होतो, 'उठाव'पासून करणाऱ्याचं असं नाव होत नाही. 'उठाव करणारे' असंच म्हणावं लागतं. दूषणाला लागणारा 'खोर' हा शेवट या शब्दाला चिकटलेला नाही.

पण तुमच्या पत्रकात हा अर्थ कोणी वाचेल का? नाही. 'नक्षीला' म्हटल्यावर बंडाकडे मन जायला वाट उरत नाही. मुलाची शंका तुम्ही निश्चिंतपणे बाजूला ठेवा. धोका आहे तो मालकांच्या अर्थाचाच.

एवढ्यावर एक खूण देतो. मी नवीन मुलांना मुद्रितशोधन शिकवतो तेव्हा हीच सांगतो. एखाद्या शब्दाचा कोणता अर्थ चालू आहे हे कळत नसेल, तर तो संपतो कसा ते बघा. शिपायांचा उठाव मोडला जातो, चिरडला जातो. गुळाचा उठाव मंदावतो, थांबतो. कचऱ्याचा रखडतो. नक्षीचा उठाव झिजतो. देवाची भांडी वर्षानुवर्षं घासून घासून पानाची कड बसते तशी. आणि रंगाचा उठाव शेजारचा दुसरा रंग मारतो. वाक्यात ही क्रियापदं एकमेकांच्या जागी घालून बघा, लगेच खटकेल. 'गुळाचा उठाव चिरडला' किंवा 'नक्षीचा उठाव रखडला' असं कोणीच म्हणणार नाही.

आता सासूबाईंचं 'उठून दिसणे'. हे या सगळ्यांत सुरक्षित, आणि बऱ्याचदा सगळ्यांत चांगलंही. त्यात दिसण्याचाच अर्थ आहे, विक्रीचा शिरकाव होत नाही. फक्त एक जाणून घ्या: 'उठून दिसणे' तुलनेचं क्रियापद आहे. चारचौघांत उठून दिसते, काळ्या जमिनीवर उठून दिसते. कशात किंवा कशावर, हे सांगितलं की वाक्यात जीव येतो. नुसतं 'आमची नक्षी उठून दिसते' म्हटलं की वाचणारा मनात विचारतो, कशापुढे? तुम्ही ते सांगितलं नाही तर तो दुसऱ्या दुकानापुढे असं समजेल, आणि वाक्याला फुशारकीचा वास लागेल.

'उठून दिसणे' बहुतेक कौतुकाचंच असतं, पण दरवेळी नाही. चांगल्या परिच्छेदात एक इंग्रजी वळणाचं वाक्य उठून दिसतं, ते कौतुक नव्हे. वेगळेपणा नको असेल तेव्हा मराठीत आपण सहसा दुसरे शब्द घेतो: खटकणे, डोळ्यात खुपणे, डोळ्यावर येणे. इथे 'डोळ्यात' आणि 'डोळ्यावर' यांचा फरक फार बारीक आहे आणि मला तो फार आवडतो. लेक डोळ्यात भरते, म्हणजे बघणाऱ्याला ती आवडली. शेजाऱ्याचं नवं घर डोळ्यावर येतं, म्हणजे बघणाऱ्याला ते सोसत नाही. दागिन्यांच्या पत्रकात 'डोळ्यात भरणारी' चालेल, 'डोळ्यावर येणारी' चुकूनही नको.

खुद्द 'उठणे' हे क्रियापदही नेहमी चांगल्या अंगाने जात नाही. एखादा 'जिवावर उठतो', एखादं व्यसन 'मुळावर उठतं', आणि माणूस पार बुडाला की आपण म्हणतो, तो माणसातून उठला. माणसांत उठून दिसणं आणि माणसातून उठणं. शब्द तेच, 'त' आणि 'तून' एवढाच फेर, आणि एकीकडे मान, दुसरीकडे सत्यानाश. म्हणूनच मी प्रत्ययावर इतका जोर देतोय.

'उठावदार' हे विशेषण. रंग, व्यक्तिमत्त्व, नाक, खेळ, कामगिरी यांना छान बसतं. आमच्याकडे फुटबॉलच्या बातम्यांत 'उठावदार खेळ' नेहमी असतो. पण हा शब्द वापरून वापरून जरा गुळगुळीत झालाय, आणि नक्षीच्या बाबतीत तो काय ते नीट सांगत नाही. 'उठावदार नक्षी' म्हणजे हाताला लागणारी की नुसती छान दिसणारी, कळत नाही. 'उठावाची नक्षी' म्हटलं की कळतं. एका 'दार'ने तंत्राचं वर्णन कौतुकात बदलतं.

'ठळक'चं क्षेत्र वेगळं. ठळक म्हणजे जाड, गडद, लांबून वाचता येईल असं. ठळक अक्षर, ठळक बातम्या, ठळक मुद्दे. पूर्वी खिळ्यांवरचं प्रत्येक अक्षर उठावाचंच असायचं, उलटं आणि वर आलेलं. शाई लागायची ती त्या वर आलेल्या भागालाच. पण छापलेल्या कागदावर सगळी अक्षरं सपाट. त्यातली काही ठळक, बाकी साधी. लग्नपत्रिकेवर मात्र नवरा-नवरीची नावं आजही उठावात छापून घेतात, बोट फिरवलं की लागतात. ती नावं ठळक असतीलच असं नाही. पांढऱ्यावर पांढरीही असू शकतात. उठाव आणि ठळकपणा एकच नव्हे, हे सांगायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. नक्षी 'ठळक' म्हटलीत तर ती मोठी आणि भरभक्कम वाटेल, नाजूक काम असेल तर तो शब्द तिला मारतो. भरभक्कमच सांगायचं असेल तर 'ठसठशीत' आहे. ठुशीला, कुंकवाला, टपोऱ्या मण्यांना तो शोभतो.

शुद्धलेखनाची एक बारीक गोष्ट, कारण ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी दुरुस्त करतो. 'उठाव', 'उठणे', 'उठावदार' यांत 'उ' ऱ्हस्व. 'ऊठ', 'ऊठबस', 'ऊठसूट' यांत दीर्घ.

आता तुमच्या वाक्याकडे येतो. 'आमच्या नक्षीला विशेष उठाव आहे.' रंग किंवा अक्षर असतं तर हे वाक्य बिनधोक होतं, कारण दुकानात रंग वेगळा विकत नाहीत. भांडं किंवा पैंजण असते तर अर्थ सरळ विक्रीचा झाला असता. नक्षी मात्र दोन्हीकडे पाय ठेवून आहे: ती वस्तूचा भागही आहे आणि दुकानात गिऱ्हाईक मागतं ती गोष्टही. म्हणून तुम्हाला एक दिसलं आणि मालकांना दुसरं.

काय लिहावं, हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत.

पहिली, काम नेमकं कोणतं आहे. दुकानात जाऊन बोट फिरवून बघा. नक्षी पत्र्याच्या वर आलेली असेल तर ती उठावाची. आत खोदलेली असेल तर ती कोरीव, आणि तिला 'उठावाची' म्हणणं चुकीचं ठरेल, मग ती कितीही उठून दिसो. वर आलेली असली तरी हाताने ठोकलेली की ठशात दाबलेली, हे मालकांना विचारा. ठशातल्या कामालाही उठाव असतो, पण 'हाताने घडवलेली' हे शब्द त्याच्या शेजारी बसत नाहीत. एकाच साच्यातले दोन करंडे शेजारी ठेवले तर पानं तंतोतंत सारखी येतात; हाताच्या कामात कुठेतरी एक पाकळी थोडी लांब असतेच.

दुसरी, वाचणार कोण. पत्रक कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीत वाटणार असाल तर 'ला उठाव' टाळाच, व्यापाराचा कान इथे फार तयार आहे. पुण्या-मुंबईच्या किंवा विदर्भातल्या गिऱ्हाइकासाठी असेल तर हा धोका कमी, पण मग 'उठावाची नक्षी' म्हणजे काय हे एका वाक्यात उलगडून सांगावं लागेल.

तिसरी, तुम्हाला सांगायचंय काय: काम कसं केलंय, ते दिसतं कसं, की विकलं किती जातं. तुमच्या मूळ वाक्याने तिन्ही एकदम उचलायचा प्रयत्न केलाय. एकाच शब्दाकडून तीन कामं करून घेऊ नका, तीन वाक्यं लिहा.

काम हाताचं आणि वर आलेलं असेल असं धरून मी असं लिहीन: 'राळेवर पत्रा बसवून हाताने ठोकून काढलेली उठावाची नक्षी. वेलीभोवतीची जमीन खाली दाबलेली असल्याने पान न् पान बोटाला जाणवतं. खोलगट भाग काळसर ठेवल्यामुळे पांढऱ्या चांदीची वेल लांबूनही उठून दिसते.' आणि मालकांना विक्रीचं सांगायचंच असेल, तर शेवटी वेगळ्या ओळीत: 'सणासुदीला आमच्या करंड्यांना चांगला उठाव असतो, मागणी आधी नोंदवावी.' तिथे तो शब्द त्यांच्याच अर्थाने, त्यांच्याच जागी येईल, आणि कोल्हापूरचं गिऱ्हाईक तो बरोबर वाचेल.

फोटोंबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो, कारण मजकूर आणि चित्र एकमेकांना खोटं पाडता कामा नये. उठावाच्या कामाचा फोटो समोरून फ्लॅश मारून काढला तर पानं सपाट होतात, आणि खाली तुम्ही लिहिलेलं कोणाला पटणार नाही. खिद्रापूरचे हत्ती भर दुपारी बघा आणि सकाळच्या तिरक्या उन्हात बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. भांडं खिडकीशी आडवं ठेवा, एका बाजूने उजेड येऊ द्या, दुसऱ्या बाजूला सावली पडू द्या.

कारागिरांचं नाव पत्रकात घालणार असाल तर त्यांना विचारून घाला, आणि 'जमीन' हा शब्द त्यांच्याकडूनच खात्री करून घ्या. दुकानागणिक, घराण्यागणिक थोडा फरक असू शकतो, आणि त्यांच्या तोंडी जो असेल तोच छापावा. मजकूर तयार झाला की इथेच टाका, छापायला देण्याआधी एकदा वाचून देईन.